रस्त्यालगत

४ मार्च

दादा,

तू बरा आहेस असं धरून चालते, कारण बरा नसलास तरी सांगणार नाहीस. इकडे सगळं ठीक होतं, काल दुपारपर्यंत. काल घरपट्टीची नोटीस आली. माझ्या घराचं करयोग्य मूल्य एकदम अडीचपट झालंय. आधी वाटलं, कुणा श्रीमंताची नोटीस चुकून माझ्या दारात पडली. मग आठवलं, आमच्या गल्लीत श्रीमंत कुणी नाहीच.

तू उभा जन्म आकारणी खात्यात काढलास, तेव्हा तूच सांग. घर बसल्या जागी अडीचपट कसं होतं? भिंती त्याच, छप्पर तेच, पावसात गळतं तेही त्याच कोपऱ्यात. पुढच्या खोलीत मी बॅगा आणि सुटकेसा दुरुस्त करते, मागे राहते. हे गेल्यापासून याच दोन खोल्यांवर माझं चाललंय. एवढी घरपट्टी दरवर्षी भरायची म्हटलं तर वर्षभर फक्त कार्यालयासाठीच चेन शिवाव्या लागतील.

सगळ्या गल्लीला असाच दणका बसलाय. समोरच्या नर्सबाई नोटीस हातात घेऊन पायरीवर नुसत्या बसून होत्या. बेकरीवाले भाऊ म्हणतात, भट्टी विझवायची आणि विकून मोकळं व्हायचं. एक दलाल कालपासून गल्लीत फिरतोय, त्याला वास कसा लागला कोण जाणे.

तुझ्या ओळखीचं इथल्या कार्यालयात कुणी असेल तर एक शब्द टाकशील?

तुझी चिमणी


११ मार्च

चिमणे,

ओळखीचं पुन्हा काढू नकोस. वशिल्याने उतरलेलं मूल्य पुढच्या साहेबाच्या काळात वशिल्याशिवाय चढतं.

आता नीट ऐक. कर वेगळा आणि मूल्य वेगळं. कराचा दर सभागृहात ठरतो, त्यावर तुला अपील नाही. अपील असतं ते मूल्यावर. म्हणून ‘मला परवडत नाही’ हे वाक्य आजपासून विसर. आमच्या टेबलासमोर रोज लोक ते म्हणायचे, आम्हाला वाईट वाटायचं आणि आम्ही काही करू शकायचो नाही. परवडत नाही म्हणून घराची किंमत उतरत नसते. ‘या घराची एवढी किंमतच नाही’ हे दाखवावं लागतं.

नोटिशीच्या तळाशी बारीक अक्षरांत हरकतीची शेवटची तारीख असेल. ती गेली की ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही. त्याआधी कार्यालयात जा आणि आपल्या घराच्या आकारणीचा उतारा माग. तो बघणं हा तुझा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. क्षेत्रफळ बघ, बांधकामाचं वय बघ, वापर काय लिहिलाय ते बघ, आणि जागेचा वर्ग बघ. चूक असलीच तर यातच कुठेतरी असते.

आणि हेही समजून ठेव, अपिलात मूल्य उतरतं, कधी आहे तसंच राहतं आणि कधी वाढतंही. हात घालायचा तर डोळे उघडे ठेवून घाल.

खरं सांगू? एकटीने त्या घराला किती दिवस कवटाळून बसणार? विक आणि इकडे ये. मागची खोली रिकामीच आहे.

दादा


२२ मार्च

दादा,

गेले होते. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, “उतारा कशाला हवा?” मी म्हटलं, “माझं घर कागदावर कसं दिसतं ते बघायचंय.” त्या हसल्या आणि दिला.

क्षेत्रफळ बरोबर. वय बरोबर. पुढे दुकान, मागे राहणं, तेही बरोबर. माझं तोंडच पडलं. मग शेवटच्या रकान्यात एक शब्द दिसला: ‘रस्त्यालगत’.

कुठला रस्ता? माझी गल्ली तर एवढी अरुंद की दोन छत्र्या समोरासमोर आल्या तर एक मिटावी लागते. बाईंनी नकाशा काढून बोट ठेवलं. आमच्या मागून दोन वर्षांपूर्वी तो नवा मोठा रस्ता गेला ना, तो. नकाशात माझ्या मागच्या भिंतीची रेघ आणि रस्त्याची रेघ एकमेकींना चिकटलेल्या आहेत. म्हणून मी रस्त्यालगत! रस्त्यापलीकडे टायरवाल्याचं दुकान आहे, त्याच्या दारात ट्रक उभे राहतात. तो आणि मी एकाच वर्गात.

रस्ता झाल्यापासून तू इकडे आलेला नाहीस, म्हणून मागच्या दाराचा फोटो पाठवते. तो बघ आणि सांग, यातून मी रस्त्यावर कशी जाऊ. मी हरकत मुदतीत दिली आहे, माझं बघून गल्लीतल्या सगळ्यांनीही.

विकण्याचं पुन्हा काढू नकोस. मला सल्ला हवाय, सुटका नकोय.

चिमणी


३१ मार्च

चिमणे,

पत्र पोचलं. नकाशात हद्दीला हद्द लागून आहे असं तूच लिहितेस. मग ‘रस्त्यालगत’ हा शब्द चुकीचा म्हणता येणार नाही. त्या खुर्चीत मी असतो तर मीही हाच वर्ग लावला असता. हरकत फेटाळली जाईल, मनाची तयारी ठेव. दलाल काय भाव देतो ते विचार. खोली साफ करून ठेवायला सांगितली आहे.

दादा


७ एप्रिल

दादा,

तुझं भाकीत खरं ठरलं. हरकत फेटाळली, गल्लीतल्या सगळ्यांचीच. कारण एका ओळीचं: ‘नकाशानुसार वर्ग योग्य.’ तुझे जातभाई सगळे सारखेच.

राग फेटाळल्याचा नाही. पत्र सुबक, गोल अक्षरात आलं, म्हणजे सूनबाईला बसवून लिहून घेतलंस. बहिणीसाठी चार ओळी स्वतः खरडायचाही कंटाळा? आणि फोटोबद्दल एक अक्षर नाही! मी टेबलावर स्टूल ठेवून, पडायच्या बेतात तो फोटो काढला होता. तू पाकिटातून बाहेर तरी काढलास का?

बेकरीवाल्या भाऊंनी दलालाकडून विसार घेतला. गल्लीतलं पहिलं घर गेलं की बाकीची माळेतल्या मण्यांसारखी ओघळतील. मी अपील करणार आहे. एकटीने करीन. तू तुझी खोली साफ ठेव.

चिमणी


१२ एप्रिल

आत्या, नमस्कार.

हे पत्र मी माझ्या मनाने लिहितेय, बाबांना माहीत नाही. तुमचं पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं. ते त्या रात्री जेवले नाहीत.

बाबांना दिसत नाही, आत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. तुम्हाला पहिलं पत्र त्यांनी स्वतः लिहिलं, ते लिहायला त्यांना अख्खी सकाळ लागली आणि निम्मी शाई टेबलावर गेली. दुसरं मी लिहिलं. फोटो त्यांनी उलटा धरला, बराच वेळ धरला, “हं” म्हणाले आणि खिशात ठेवला. तो अजून खिशातच असतो. डॉक्टरांनी ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगितलंय, पण ते घाबरतात. विचारलं की “बघू” म्हणतात, आणि तो शब्द तोंडातून गेला की स्वतःच खट्टू होतात.

विकून इकडे या म्हणतात, ते तुम्हाला जमणार नाही असं वाटतं म्हणून नव्हे. आम्ही दोघं दिवसभर कामावर. ते रेडिओशी बोलत बसतात. बहीण घरात असावी एवढंच त्यांना हवंय, आणि ते मागता येत नाही.

मी कळवलं हे त्यांना सांगू नका. माझी या घरात धडगत राहणार नाही.

तुमची सूनबाई


१७ एप्रिल

दादा,

मागच्या पत्रात फार बोलले. तोंड आईचं आहे, मी काय करू.

फोटो पोस्टात खराब झाला असणार, म्हणून शब्दांत सांगते.

मागचं दार बाहेर उघडणारं आहे, तुला माहीत आहे. आता ते वीतभर उघडतं आणि थांबतं. फटीतून हात घातला की बोटांना थंड काँक्रीट लागतं. ती रस्त्याच्या भरावाची भिंत. ती माझ्या डोक्याच्या वर जाते, आणखी तेवढीच वर जाते, मग लोखंडी कठडा, आणि त्याच्या पलीकडे रस्ता. म्हणजे माझ्या छपराच्याही वर. पूर्वी मागच्या खोलीत उन्हात कपडे वाळायचे. आता भर दुपारी दिवा लावून भाजी चिरते. वरून ट्रक गेला की फळीवरचे डबे वाजतात. छोटी गाडी असली तर फक्त झाकणं. तो रस्ता मी आजवर घरातून पाहिलेला नाही, फक्त ऐकला आहे.

त्यावर जायचं तर पुढच्या दाराने बाहेर पडायचं. गल्ली संपेपर्यंत चालायचं, बेकरीवरून वळायचं, नाल्याच्या कडेने पुलाखालून पलीकडे जायचं, पेट्रोल पंपाशी चढ चढायचा, आणि मग जेवढं आलो तेवढंच उलटं परत चालायचं. तेव्हा कुठे माझं घर येतं, पण पायाखाली. कठड्यावरून वाकलं तर छपराची कौलं मोजता येतात. उडी मारली तरच घरी.

त्या रस्त्यावरचं एकही गिऱ्हाईक माझ्याकडे आलेलं नाही. येतो तो कचरा. गाडीतून फेकतात, तो मात्र थेट पोचतो. रस्त्याचा नि माझा एवढाच व्यवहार.

आता सांग, मी रस्त्यालगत आहे का?

चिमणी


२४ एप्रिल

चिमणे,

सूनबाईकडून तुझं पत्र तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्या वेळी मी तिला अडवलं, कारण मला डबे वाजलेले ऐकू आले.

मी चुकलो. नकाशाला उंची नसते. इतकी वर्षं नकाशे वाचले आणि हे कुणी मला सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

आता तुझा मुद्दा लिहून घे. रस्त्यालगतच्या जागेचं मूल्य जास्त का धरतात? रस्ता कामी येतो म्हणून. गिऱ्हाईक येतं, गाडी दारात लागते, माल उतरतो. रस्ता कामीच येत नसेल तर लगत कसलं? लगत म्हणजे चिकटलेलं नव्हे, पोचता येणारं. आणखी पुढे जा. भिंतीने उजेड गेला, घर हादरतं, म्हणजे रस्त्याने तुझ्या घराची किंमत वाढवली नाही, उतरवली. हेही माग. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

अपिलाच्या अर्जातच लेखी विनंती कर की जागेची पाहणी व्हावी. टायरवाल्याचा उतारा सोबत लाव, तुलना लागते. गल्लीतल्या प्रत्येकाने आपापलं अपील द्यावं. शंभर सह्यांचा एक अर्ज मोर्चात चालतो, सुनावणीत नाही. तोवर जुन्या मूल्याइतकी घरपट्टी ‘हरकत राखून’ असं लिहून भर, म्हणजे थकबाकीदार म्हणून तुझं तोंड बंद करता येणार नाही.

आणि सुनावणीत दुसरं काही बोलू नकोस. तुझं ते भिंतीचं पत्र सोबत परत पाठवतोय, तेच वाच. तुझा सगळा युक्तिवाद त्यात आहे. समोरच्या अधिकाऱ्याला खोटं पाडू नकोस, नकाशाला खोटं पाड. माणूस एकदा अपमान झाला की कागदाला चिकटून बसतो.

दादा

(आत्या, कालपासून बाबा रेडिओ बंद करून मला सुनावणीचे नियम सांगत बसलेत. डॉक्टरांकडे अजून गेले नाहीत. हे कंसातलं त्यांना दिसत नाही म्हणून लिहितेय.)


१२ जून

दादा,

आता आरामात बस, हे पत्र मोठं आहे.

तुझं पत्र मी बेकरीत मोठ्याने वाचलं. ‘पोचता येणारं’ या शब्दाशी बेकरीवाले भाऊ पावाचं पीठ मळता मळता थांबले. म्हणाले, “ताई, मग मी विकलं ते कशाला?” मी म्हटलं, “अजून फक्त विसार घेतलाय, हात धुवा आणि परत देऊन या.” पिठाच्या हातानेच गेले. नर्सबाईंनी गल्लीतल्या सगळ्यांचे अर्ज तपासले, एखाद्या वॉर्डात फिरावं तशा घरोघर फिरल्या. एकानेही मुदत चुकवली नाही.

काल सुनावणी झाली. खोली लहान, पंखा मोठा. अपील अधिकारी एक बाई, चष्मा कपाळावर, फाइल नाकाशी. एका बाजूला आकारणीचा अधिकारी, तिशीतला, नकाशाची गुंडाळी घेऊन. मागे आमची सगळी गल्ली, मावत नव्हती म्हणून निम्मी जिन्यात.

त्याने नकाशा पसरला, रेघेवर पेन ठेवलं आणि म्हणाला, “मॅडम, हद्दीला हद्द लागून आहे.”

बाई माझ्याकडे वळल्या. “तुमचं म्हणणं?”

 तू परत पाठवलेलं माझं पत्र मी उघडलं आणि वाचू लागले. काँक्रीटशी आले तेव्हा बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. ‘उडी मारली तरच घरी’ म्हटलं तेव्हा जिन्यात कुणीतरी हसलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी त्याला विचारलं, “तुम्ही जागेवर गेला होता?”

तो म्हणाला, “नाही मॅडम. पाच वॉर्ड आणि मी एकटा. नकाशावरूनच केलं.”

मला त्याचं वाईट वाटलं. मी म्हटलं, “यांची चूक नाही, नकाशात भिंत उभी दिसत नाही.” त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू कुणी पाणी दिलं.

बाईंनी घड्याळ पाहिलं, फाइल मिटली आणि म्हणाल्या, “चला.”

आज नाही, उद्या नाही, तेव्हाच! सगळी वरात माझ्या घरी. बाईंनी स्वतः मागचं दार ढकललं. वीतभर उघडलं आणि थांबलं. त्यांनी फटीतून हात घातला आणि हात तसाच ठेवून उभ्या राहिल्या. तेवढ्यात वरून ट्रक गेला. डबे वाजले. माझ्या वतीने डबेच बोलले.

मग म्हणाल्या, “आता मला त्या रस्त्यावर न्या.” गाडीत बसा म्हटलं तर नको, चालतच जायचं. गल्ली, बेकरी, नाला, पूल, पंप, चढ. चढावर त्यांची चप्पल लागायला लागली, ती हातात घेऊन चालल्या. वर पोचलो तेव्हा सगळे घामाघूम. कठड्यावरून वाकलो तर खाली माझं छप्पर, आणि गल्लीत उरलेले लोक माना वर करून आमच्याकडे बघतायत. नर्सबाईंनी खालून हात हलवला.

तो अधिकारी बराच वेळ खाली बघत राहिला. मग बाईंनी विचारायच्या आधीच म्हणाला, “मॅडम, हे रस्त्यालगत नाही. मी तसं लिहून देतो.”

दादा, मी जिंकले की नाही ते आदेश आल्यावर कळेल. पण त्या कठड्याशी मी जशी उभी होते, तशी याआधी कधी उभी राहिले नव्हते.

आता तुझं. मला डोळ्यांचं सगळं ठाऊक आहे. सूनबाईवर चिडलास तर गाठ माझ्याशी आहे. तुला फोटो दिसला असता तर मी ते पत्र लिहिलंच नसतं, आणि ते लिहिलं नसतं तर काल मी त्या खोलीत ‘मला परवडत नाही’ म्हणून रडले असते. तेव्हा तुझे उपकारच आहेत. पण आता पुरे. मी सोमवारी येतेय. घर विकून नाही, दुकानाला कुलूप लावून. डॉक्टरांची वेळ सूनबाईने घेतली आहे. घाबरायचं असेल तर माझा हात धरून घाबर.

चिमणी


९ ऑगस्ट

दादा,

तुझ्याकडून परतले ती थेट आदेशावरच. पाकीट दाराखालून आत आलं होतं. मी ते घरात उघडलं नाही. गल्लीचं होतं, गल्लीत उघडलं. बेकरीवाल्या भाऊंनी मला पिठाच्या पोत्यावर उभं केलं.

‘रस्त्यालगत’ ही नोंद रद्द. वर्ग ‘आतली गल्ली’. भिंतीमुळे उजेड गेला आणि घर हादरतं म्हणून मूल्यात आणखी सूट. दादा, नव्याचं सोड, जुन्या मूल्यापेक्षाही खाली! आणि शेवटची ओळ मी दोनदा वाचली: ‘भरावाच्या भिंतीस पाठ असलेल्या सर्व घरांची फेरआकारणी याच आधारे करावी, अपील केलेले असो वा नसो.’

म्हणजे फक्त आमची गल्ली नाही. भिंत जिथपर्यंत जाते तिथपर्यंतची सगळी घरं. पलीकडच्या वस्तीतल्या लोकांना तर आपण अपील जिंकलोय हे आम्हीच धावत जाऊन सांगितलं. एक आजोबा म्हणाले, “पण आम्ही काही केलंच नाही!” नर्सबाई म्हणाल्या, “मग आता पेढे तरी... नाही, पाव तरी खा.” भाऊंनी भट्टीतला सगळा माल वाटून टाकला. दलाल नाक्यावर उभा होता, त्यालाही दिला. तो पाव खात खात गेला तो परत दिसला नाही.

आदेशाची प्रत सोबत आहे. तो तुला वाचून दाखवायचा नाही, असं मी सूनबाईला बजावलंय.

चिमणी


१६ ऑगस्ट

चिमणे,

हे अक्षर बघ. वेडंवाकडं आहे, पण माझं आहे.

काल डोळ्यावरची पट्टी कायमची गेली. सूनबाईने आदेश समोर ठेवला आणि खोलीबाहेर गेली, तुझी आज्ञा म्हणून. मी खिडकीशी बसून तो पहिल्या शब्दापासून शिक्क्यापर्यंत वाचला. मग खिशातला फोटो काढला आणि पहिल्यांदा सरळ धरला. पत्रात होती तशीच भिंत आहे. फक्त पत्रात जास्त उंच वाटली होती.

नोकरीत मी शेकडो अपिलं ऐकली. ज्याने अपील केलं नाही त्यालाही न्याय मिळावा, असा आदेश माझ्या हातून एकदाही निघाला नाही. तो माझ्या बहिणीने काढायला लावला. संध्याकाळी बागेत आमच्या खात्यातले निवृत्त जमतात, त्यांना वाचून दाखवला, स्वतःच्या डोळ्यांनी, चष्म्याशिवाय. आमचे जुने साहेब कुणाचं कौतुक करत नाहीत. ते काठी आपटून म्हणाले, “पुन्हा वाच.” मी पुन्हा वाचला.

पुढच्या महिन्यात तुझ्याकडे राहायला येतो. मागची खोली मला दे. अंधारी असली तरी चालेल, मला आता दिसतं.

जाता जाता एक. आदेशाच्या दुसऱ्या परिच्छेदात शुद्धलेखनाची चूक आहे. ‘हद्दीस’मधली वेलांटी ऱ्हस्व पडली आहे. त्यावर अपील करू नकोस.

दादा